खांब तिरके का आहेत? लहान शाळेची क्षेत्रभेट कशी आखावी

थंडी सुरू झाली की सहलीच्या बसगाड्या रस्त्यावर दिसू लागतात. एका दिवसात एक किल्ला, दोन देवळे, एक धरण आणि परतीच्या वाटेवर बाग. मुलांना मजा येते, आणि मजा येण्यात वाईट काहीच नाही. पण सहल वेगळी, क्षेत्रभेट वेगळी. सहलीहून आलेल्या मुलाला ‘काय पाहिलंस?’ असे विचारले तर तो ठिकाणांची नावे सांगतो. क्षेत्रभेटीहून आलेल्या मुलाला निदान एका गोष्टीचे कारण सांगता यायला हवे, किंवा त्यावरून दुसऱ्याशी वाद तरी घालता यायला हवा.

तीस-चाळीस पटाच्या, दोन-तीन शिक्षकांच्या शाळेला हे मोठ्या शाळेपेक्षा सोपे जाते. दोनशे मुले लेण्यात घुसली की शिक्षकाचा सगळा वेळ ‘रांगेत चला’ म्हणण्यातच जातो. छत्तीस मुलांचे तसे होत नाही. शिवाय बहुवर्ग अध्यापनामुळे तिसरीच्या आणि सातवीच्या मुलांना एकत्र बसायची सवय असते. अडचण असते ती पैशांची आणि माणसांची, त्याकडे पुढे येऊ.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एकच ठिकाण धरून चालू: मावळातली भाजे लेणी. पुणे-लोणावळा लोकलच्या मळवली स्थानकावरून चालत जाण्याजोगी, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याची. एकूण २२ लेणी, त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत आहेच, तेव्हा अभ्यासक्रमाशी मेळ घालायला ओढाताण करावी लागत नाही.

प्रश्न एकच, पण फलकावर उत्तर नसलेला

बहुतेक क्षेत्रभेटी फसतात त्या प्रश्नावलीमुळे. ‘लेणी कोणत्या शतकातील आहेत? किती आहेत? कोणत्या धर्माची आहेत?’ असे दहा प्रश्न दिले की मुले थेट पुरातत्त्व खात्याच्या फलकासमोर जाऊन उभी राहतात. एक हुशार मुलगी उतरवून घेते, बाकीचे तिचे पाहून लिहितात. वीस मिनिटांत वह्या भरतात आणि लेण्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते. फलक वाचून सुटणारा प्रश्न शाळेतच सोडवावा, त्यासाठी भाडे खर्चू नये.

भाज्याच्या चैत्यगृहासाठी, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दालनासाठी, चांगला प्रश्न असा: खांब तिरके का आहेत? आत पाऊल टाकले की दिसते, दोन्ही बाजूंचे अष्टकोनी खांब वरच्या टोकाला आतल्या बाजूला झुकलेले आहेत. मुलांची पहिली उत्तरे ठरलेली असतात. डोंगराच्या वजनाने वाकले. भूकंप झाला. कारागिराचे चुकले. तिन्ही उत्तरे तपासून पाहता येतात. वजनाने वाकले असते तर दगडाला भेगा दिसल्या असत्या. भूकंपाने वाकले असते तर सगळे एकाच दिशेला झुकले असते. एकाचे चुकले म्हणावे तर झाडून सगळे खांब सारखेच तिरके कसे?

खरे उत्तर लाकडात आहे. त्या काळच्या मोठ्या इमारती लाकडी असत. कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार खांब मुळातच आत कलते उभे करीत. पुढे तीच इमारत डोंगरात कोरायची ठरली तेव्हा पाथरवटांनी नक्कल तंतोतंत केली, खांबांच्या तिरकेपणासकट. कोरीव लेण्यात या तिरकेपणाचा काही उपयोग नाही, कारण छप्पर खांबांवर ठेवलेले नाही. ते डोंगराचाच भाग आहे. हे एकदा समजले की मुले स्वतःहून पुढचे पुरावे शोधू लागतात. छताला आजही लाकडाच्या कमानी लावलेल्या आहेत, आणि त्यांनी काहीही तोलून धरलेले नाही. दर्शनी भाग आज उघडा आहे, पण तिथल्या दगडात खाचा आणि भोके आहेत, कारण पूर्वी समोर लाकडी जाळीची भिंत होती. ती कुजून गेली, खाचा राहिल्या.

हे सगळे शिक्षकाने प्रवेशद्वारातच सांगून टाकले तर दोन मिनिटांचे काम. पण तसे सांगू नये. चाळीस मिनिटे मुलांना झगडू द्यावे आणि उत्तर जेवणानंतर, सर्वांचे ऐकून झाल्यावर, जेवढे उरले असेल तेवढेच सांगावे. अनेकदा सांगायला काही उरत नाही.

जाण्याआधीचा आठवडा

नव्या ठिकाणी गेल्यावर मुलांचे लक्ष का लागत नाही, यावर निर ओरियन आणि आवी हॉफस्टाइन या इस्रायली संशोधकांनी १९९४ मध्ये भूगर्भशास्त्राच्या क्षेत्रभेटींचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मुलाला तीन प्रकारचे नवखेपण एकदम झेलावे लागते: जागा नवी, करायचे काम नवे, आणि दिवस कसा जाणार हे ठाऊक नाही. डोके या तिन्हींत गुंतलेले असेल तर शिकायला जागा उरत नाही. म्हणून हे नवखेपण घरीच शक्य तितके कमी करून न्यावे.

जागेसाठी लेण्यांचे चार फोटो वर्गात लावावेत आणि फळ्यावर साधा नकाशा काढावा: पायऱ्या कुठून, चैत्यगृह कुठे, पाण्याची टाकी कुठे. कामासाठी मोजमापाचा सराव शाळेच्या व्हरांड्यात करून घ्यावा. आणि दिवसाचे म्हणाल, तर वेळापत्रक मुलांना वाचून दाखवावे, त्यात ‘डबा किती वाजता’ आणि ‘लघवीला कुठे’ या दोन गोष्टी ठळक. हसू येईल, पण तिसरीतल्या मुलाच्या मनात दिवसभर हेच दोन प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्याला सातवाहनांशी काही देणेघेणे नसते.

शिक्षकाने मात्र आधी एकदा स्वतः जाऊन यावेच. ज्या वेळी मुलांना न्यायचे त्याच वेळी. चैत्यगृहात ऊन कुठवर येते, कोणत्या भिंतीवरचे कोरीव काम अंधारात राहते, शेवाळ कुठे आहे, मधमाश्यांची पोळी कुठे लटकली आहेत, हे फोटोवरून कळत नाही. पावसाळ्यात भाज्याला धबधब्यांसाठी झुंबड असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला एखादा वार उत्तम. दुसरे ठिकाण निवडले असेल तर सुट्टीचा वार पाहून घ्यावा. अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी, आणि बंद दारापुढून माघारी फिरलेल्या बसगाड्या दरवर्षी दिसतात.

टोळ्या आणि सामान

छत्तीस मुलांच्या सहा टोळ्या, प्रत्येकीत सहा. एका वर्गाची मुले एका टोळीत घालू नयेत. प्रत्येक टोळीत एक मोठे, एक अगदी लहान, बाकी मधले. मोठा लिहितो, लहान मोजतो आणि धरतो, मधले चित्र काढतात. टोळीमागे एक मोठे माणूस हवे. तीन शिक्षक असतील तर तीन पालक लागतात, आणि त्यांत दोन तरी आया असाव्यात. पालकांना एक गोष्ट बजावून सांगावी: मुलांच्या वतीने उत्तर द्यायचे नाही. हे सर्वांत अवघड जाते.

प्रत्येक टोळीला वीस मीटर सुतळी द्यावी, दर मीटरला गाठ आणि दर पाच मीटरला लाल दोरा बांधलेली. टेप मिळाला तरी सुतळी बरी, कारण गाठी मोजताना मोजणे म्हणजे काय ते हाताला कळते. याशिवाय गवंड्याचा ओळंबा (दोऱ्याला टांगलेला लंबक), पट्टी, पुठ्ठ्यावर चिमट्याने लावलेले कागद, पेन्सिली. पेन नको. खडू तर मुळीच नको.

संरक्षित स्मारकाच्या दगडावर अक्षरे ठळक दिसावीत म्हणून खडू फिरवणे, पाणी शिंपडणे, कागद ठेवून पेन्सिल घासणे हे सगळे वर्ज्य. १९५८ च्या कायद्यानुसार अशा वास्तूला इजा पोहोचवणे किंवा ती विद्रूप करणे हा गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मुलांना कायद्याची भीती घालण्यापेक्षा कारण सांगावे: घामाच्या हातांनी रोज हजार जणांनी चोळले तर नाक किती दिवस टिकेल?

तिथे काय करायचे

तीन थांबे, प्रत्येकी चाळीस मिनिटे, दोन-दोन टोळ्या आळीपाळीने. एका वेळी बारा मुले चैत्यगृहात नीट मावतात आणि एकमेकांचे बोलणे ऐकू येते. फिरती सुरू होण्याआधी एक काम मात्र सगळ्यांनी मिळून करायचे.

खांब मोजायचे. सोपे वाटते, पण टोकाला अर्धगोलात वळसा असल्याने एक जण पंचवीस म्हणतो, दुसरा अठ्ठावीस. भांडण रंगू द्यावे. मग एकेका खांबाजवळ एकेक मूल उभे करावे, खांबाला न टेकता, आणि उरलेल्यांनी उभी असलेली मुले मोजावीत. सत्तावीस भरतात, नऊ मुले उरतात, छत्तिसातून नऊ गेले. वजाबाकीने पडताळा झाला.

पहिल्या थांब्यावर, चैत्यगृहात, लांबी-रुंदी मोजायची. सुतळी जमिनीवर ताणून लांबी सुमारे १७ मीटर आणि रुंदी सुमारे ८ मीटर येते. कोणाची साडेअठरा आली तर सुतळी सैल होती किंवा तिरकी गेली होती, पुन्हा मोजायला लावावे. मग ओळंबा. खांबाच्या आतल्या अंगाला साधारण दीड मीटर उंचीवर दोरा धरायचा. लंबक खाली येतो तो खांबाच्या बुंध्याला न टेकता मधल्या दालनाकडे सुटून लोंबतो. लंबक आणि बुंधा यांतले अंतर पट्टीने मोजायचे. हेच समोरच्या रांगेतल्या खांबाला करायचे. दोन्हीकडे लंबक आतच सुटतो, म्हणजे दोन रांगा एकमेकींकडे झुकलेल्या आहेत, आणि भूकंपाचा सिद्धान्त तिथेच निकालात निघतो. लंबक झुलत असेल तर माप चुकते, म्हणून तो थांबेपर्यंत मनात वीस मोजायचे.

दुसरा थांबा टोकाकडच्या विहाराचा, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचा. तिथल्या ओसरीत कोरीव शिल्पे आहेत: एकीकडे रथात बसलेली आकृती, दुसरीकडे हत्तीवर बसलेली. पहिली सूर्य आणि दुसरी इंद्र अशी ओळख सांगतात, पण अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही, आणि म्हणूनच ते मुलांसाठी फार कामाचे आहे. ‘हा कोण?’ असे न विचारता तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत: काय दिसते? त्यावरून काय वाटते? असे कशावरून? तिसऱ्या प्रश्नाला ‘फलकावर लिहिलंय’ हे उत्तर चालणार नाही. तिथेच एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. वाद्ये किती, हात कसे पडले आहेत, हे पाहून चित्र काढायला दहा मिनिटे द्यावीत. चित्र चांगले येण्याशी कर्तव्य नाही. पेन्सिल हातात असली की डोळा एका जागी ठरतो, मोबाइल हातात असला की ठरत नाही. म्हणून कॅमेरा एकच, तोही शिक्षकाकडे.

तिसऱ्या थांब्यावर चौदा स्तूपांचा गट आणि पाण्याची टाकी. पाच स्तूप आत, नऊ बाहेर, आणि काहींवर भिक्षूंची नावे कोरलेली. टाक्याजवळ एका दात्याचा ब्राह्मी लेख आहे: ‘महारठिस कोसिकीपुतस विण्हुदतस देयधम पोढि’. महारठी (ही त्या काळची एक पदवी) विण्हुदत, कोसिकीचा मुलगा, याने दिलेले टाके. सातवीच्या मुलांना ही ओळ फोडता येते, पण तयारी करून न्यावे. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा, ‘ठ’ पूर्ण गोल, ‘र’ उभी रेघ. अशी आठ-दहा अक्षरे आधी कार्डांवर खेळून झालेली असावीत. लेख झिजलेले असतात, उन्हाच्या कोनावर वाचता येणे अवलंबून असते, म्हणून ओळीची मोठी छापील प्रत सोबत ठेवावी. लहानांना अक्षरांत रस नसेल तर टाक्यात पाणी कुठून येते ते शोधायला सांगावे. कातळात कोरलेल्या पन्हळी त्यांना मोठ्यांच्या आधी सापडतात.

मग डबा. त्यानंतर तासभर मोकळा वेळ, आखून दिलेल्या हद्दीत. तो ‘वाया’ गेला असे वाटून कापू नये. खूप काही याच वेळात सापडते, उदाहरणार्थ अर्धवट सोडलेल्या खोल्या आणि छिन्नीच्या घावांचे व्रण. लेणे वरून खाली कोरीत येतात, छप्पर आधी आणि जमीन शेवटी, त्यामुळे उंच परांच्या बांधाव्या लागत नाहीत. हे अपुऱ्या कामावरून फार छान समजते.

काय बिघडते

मोजदाद पहिली. प्रत्येक मुलाला क्रमांक द्यावा आणि शिट्टी वाजली की एकापासून ओरडत जावे. अर्ध्या मिनिटात कोण नाही ते कळते. डोकी मोजत बसल्यास हलणाऱ्या मुलांमुळे तीनदा मोजावे लागते.

मधमाश्या ही सह्याद्रीतल्या लेण्यांची खरी जोखीम आहे, वाघरू वगैरे नव्हे. धूर, अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणे यांनी आग्यामोहोळ उठते. सेंट लावून यायचे नाही, हे पालकांच्या चिठ्ठीतच लिहावे. मोहोळ उठले तर त्याच वाटेने शांतपणे खाली, तोंड झाकून.

समुद्र, नदी किंवा धरणाजवळ थांबा ठेवूच नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीचे विद्यार्थी बुडाले, त्या दुर्घटनेनंतर सहलींचे नियम कडक झाले ते उगाच नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची लेखी संमती, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी ही कागदपत्रे महिनाभर आधी हलवावीत. वाहन एस.टी.चे प्रासंगिक कराराने घ्यावे, सवलतीचा दर आगारात विचारावा. स्वस्त पडतो म्हणून टेम्पो नको. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, तेव्हा खर्च मुख्यतः प्रवासाचाच. तो पेलत नसेल तर आणखी जवळचे ठिकाण निवडावे. दूरचे ठिकाण जास्त शिकवते, असे काही नाही.

जवळचे म्हणजे गावातला कुंभारवाडासुद्धा. पहिली-दुसरीला तेच बरे. पण तिथे मुले चाकासमोर दहा मिनिटे डोळे विस्फारून बसतात आणि ‘मडके असे करतात’ एवढेच घेऊन येतात. माती भिजत घातलेली असते त्या दिवशी एकदा आणि भट्टी उघडतात त्या दिवशी पुन्हा, अशा दोन छोट्या फेऱ्या कराव्यात. फुटकी मडकी मोजावीत, ती का फुटली ते कुंभारदादांनाच विचारावे. बाजाराच्या आदल्या दिवशी जाऊ नये, आणि त्यांच्या मोडलेल्या वेळेची मजुरी द्यावी. ‘मुलांना दाखवा की जरा’ म्हणत फुकटात काम काढून घेणे शोभत नाही.

परत आल्यावर

दोन दिवसांच्या आत फक्कीने मैदानावर चैत्यगृह आखावे. रुंदी ८ मीटर, म्हणजे मागचा अर्धगोल ४ मीटर त्रिज्येचा आणि सरळ भिंत १३ मीटर, कारण १३ आणि ४ मिळून १७. खुंटीला दोरी बांधून अर्धगोल काढताना त्रिज्या शब्दाचा अर्थ चौथीलाही कळतो. सत्तावीस दगड खांबांच्या जागी ठेवायचे. संध्याकाळी गावकरी त्यात फिरतात आणि मुले त्यांना सांगतात, ते वेगळेच.

मग घरचा अभ्यास: गावातले एखादे जुने घर किंवा गोठा पाहायचा. आढे कुठे, वासे कसे उतरले आहेत, तुळई कशावर टेकली आहे, कोणता खांब भार घेतो आणि कोणता नुसता शोभेचा? हे आजोबांना किंवा सुतारकाकांना विचारून चित्रासह आणायचे. भाज्याच्या छतातले लाकूड मुलांना खऱ्या अर्थाने इथे समजते.

आणि परीक्षा? माहितीवर घेऊ नये. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिल या गावी २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडले. भेटीसाठी शाळांचे अर्ज फार आले म्हणून सोडतीने काहींना आधी आणि काहींना नंतर बोलावले, आणि संशोधकांना आयती तुलना मिळाली: १२३ शाळा, सुमारे ११,००० मुले. भेट जेमतेम तासाभराची, पाचेक चित्रांची. तरी काही आठवड्यांनी मुलांना बारीक तपशील आठवत होते. मेपलच्या रसाची साखर करणाऱ्या माणसांच्या एका चित्रामागे गुलामगिरीला विरोध होता, कारण उसाची साखर गुलामांच्या श्रमावर चालत असे, हे ८८ टक्के मुलांनी सांगितले. त्याहून महत्त्वाचे, न पाहिलेले चित्र समोर ठेवून लिहायला सांगितले तेव्हा जाऊन आलेल्या मुलांनी अधिक बारकाईने पाहून लिहिले, आणि हा फरक खेड्यांतल्या आणि गरीब शाळांतल्या मुलांत जास्त होता.

तीच पद्धत आपल्याला फुकटात करता येते. तीन आठवड्यांनी कार्ल्याच्या चैत्यगृहाचा मोठा फोटो फळ्यावर लावावा. नाव सांगू नये. पंधरा मिनिटे, दोनच प्रश्न: काय दिसते आणि कशावरून? ‘सुंदर कोरीव काम आहे’ असे लिहिणाऱ्याला अजून पाहायला शिकवायचे आहे. ‘खांब सरळ आहेत, वर माणसे आणि प्राणी कोरले आहेत, छताला लाकडी कमानी मात्र आहेत, म्हणजे हे भाज्याच्या नंतरचे असेल’ असे एखाद्या मुलीने लिहिले, तर तिला पुढच्या वर्षी टोळीची प्रमुख करावे. कार्ल्याचे चैत्यगृह खरोखरच नंतरचे आहे.

वह्या, मापे, मुलांची चुकलेली उत्तरे आणि शिक्षकांच्या नोंदी एका फायलीत ठेवाव्यात, बदली झाली तरी ती फाइल शाळेतच राहावी. पुढच्या वर्षी पुन्हा भाज्यालाच जायला हरकत नाही. प्रश्न तेवढा बदलावा: इथे राहणाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी पुरत असेल का? टाक्यांची लांबी-रुंदी-खोली, माणशी रोजचे पाणी, आणि मार्च ते जून. या खेपेस सुतळीला खोलीसाठी दगड बांधून न्यावा लागेल, आणि टाक्याच्या काठावर फक्त शिक्षकानेच उभे राहावे.